चाळिसावी नळी

दादा, तुझी नळी अजून आहे. तुला जाऊन आज बारा दिवस झाले. पाहुणे परतले, अंगणातला मांडव उतरला, तुझ्या वर्गावर शाळेनं दुसरे मास्तर दिले. पण पुण्यात आमच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये, उणे ऐंशी अंशांवर, करंगळीएवढ्या प्लॅस्टिकच्या नळीत तुझ्या रक्तातलं पिवळं पाणी गोठून बसलं आहे. झाकणावर माझ्याच अक्षरात चाळीस हा आकडा आहे. नाव नाही. आमच्याकडं नळीवर नाव लिहीत नाहीत, आणि तुला ते कधी पटलं नाही.

खरं सांगू का, तू मला दिसत नाहीस. लोक म्हणतात गेलेला माणूस स्वप्नात येतो, उंबऱ्यात उभा दिसतो. तू तसा कुठंच येत नाहीस. तू फक्त विचारतोस. सकाळी हापशावर पाणी भरताना, वहिनीच्या हातून ताट निसटलं तेव्हा, भोकरदनच्या स्टँडवर कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा, एकदम कानाशी, तुझ्या नेहमीच्या घाईत: "तायडे, माझ्या रगतात काय निघालं?" मी वळून पाहते. मागं कुणी नसतं, आणि माझं उत्तर तोंडातून निघून गेलेलं असतं. दर वेळी तेच उत्तर. त्या उत्तराबद्दलच हे लिहायला बसले आहे. बाकी तू कुठं शिकलास, किती वर्षं नोकरी केलीस, हे शाळेनं फळ्यावर लिहिलंच होतं.

संशोधनाला हा विषय मी घेतला तो अप्पांमुळं. अप्पांची उजवी बाजू एका सकाळी गेली आणि आपल्या घरात बीपी हा शब्द आला. तोवर आपल्याला वाटायचं, अप्पा तापट आहेत. पुढं मी पुण्याला गेले, लॅबमध्ये लागले, आणि तुला अभिमानानं सांगितलं की माझं काम छोट्या आरएनएवर आहे. तू लगेच पाटी धरून बसल्यासारखा बसलास. तू विज्ञानाचा मास्तर, तुला अर्धवट समजलेलं चालत नसे. मी सांगितलं की पेशीच्या मध्यभागी सगळी माहिती डीएनएत असते, तिथून आरएनएचा निरोप निघतो, आणि त्या निरोपाप्रमाणं पेशी प्रथिनं बनवते. आता असं कळलंय की काही अगदी चिमुकले आरएनए स्वतः काहीच बनवत नाहीत. ते दुसऱ्याच्या निरोपाला जाऊन चिकटतात आणि तो निरोप वाचूच देत नाहीत.

"म्हंजे परिपत्रक निघालं," तू म्हणालास, "पण शाळेत पोचायच्या आधी कुणीतरी टेबलाखाली दाबून ठेवलं."

"तसंच."

"मंग यात नवीन काय हाय? आमच्या वरच्या ऑफिसात हे रोज होऊन राह्यलंय!"

मी हसून लोटपोट झाले. पण तू तिथं थांबणारा नव्हतास. दाबणारा वाईटच असतो का, हे तुला पाहिजे होतं. नाही रे, मी म्हणाले, उलट. मूत्रपिंडातून एक रसायन सुटतं, त्याच्यापासून पुढं एकातून एक होत जाऊन रक्तवाहिन्या आवळल्या जातात, बीपी चढतं. त्या रसायनाच्या निरोपावर काही छोटे आरएनए हात ठेवून असतात. काही लोकांत ते कमी पडतात, मग निरोप मोकाट सुटतो. असे कितीतरी छोटे आरएनए आहेत, कुणी वाहिनीची भिंत जाड करायला मदत करतो, कुणी अडवतो. आणि गंमत म्हणजे त्यातले काही रक्तात तरंगताना सापडतात. म्हणून तर आम्ही रक्त गोळा करतो. बीपी असलेली वीस माणसं, बीपी नसलेली वीस माणसं, आणि दोन्हींत काय फरक आहे ते बघायचं.

"माणसं आपल्याकडची घे," तू म्हणालास. "पुण्याच्या रगतात काय ठेवलंय?"

ती माणसं तू जमवलीस. रक्त उपाशीपोटी पाहिजे, हे मी तुला दहा वेळा बजावलं होतं, आणि त्यावर तू जी शक्कल काढलीस ती दुसऱ्या कुणाला सुचली नसती. राजूरला चतुर्थीला ये, म्हणालास. गणपतीला अर्धा तालुका येतो, आणि सगळे उपाशी. आपल्या घरात कधी कुणी चतुर्थी धरली नाही, बुद्धवंदनेपलीकडं तुला देवाधर्माचं काही ठाऊक नव्हतं, पण लोकांचा उपास माझ्या कामी लावताना तुला शास्त्रज्ञापेक्षा जास्त आनंद झाला होता. देवळाजवळच्या शाळेची एक खोली तू मागून घेतलीस, बाकडी लावलीस, दारावर स्वतः खडूनं लिहिलंस.

आणि मग सकाळी कळलं की आपण दोघं केवढे शहाणे. पहिल्या मावशींना मी विचारलं, काही खाल्लं का? त्या म्हणाल्या, छे, उपास हाय ना. दंड बांधला, सुई हातात घेतली, तर म्हणतात कशा, पाच वाजता साबुदाण्याची उसळ तेवढी घेतली. दुसऱ्यांनी शेंगदाण्याचा लाडू. तिसऱ्यांनी दोन कप दूध. तू कपाळाला हात लावलास. "आवो, उपास हाय म्हणता आन् लाडू खाता?" तर मावशीच तुला म्हणाल्या, "मास्तर, उपास हाय म्हणून तर खाल्ला. एरवी सकाळी कोण लाडू देतंय?" दुसरा मोठा घोळ बीपीवाल्यांचा. उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी गोळी नको म्हणून बहुतेकांनी गोळी घेतलीच नव्हती, आणि आकडे असे चढलेले की मला घाम फुटला.

सकाळी अकरापर्यंत बीपीची वीस माणसं पुरी झाली आणि बिनबीपीची एकोणीस. पन्नाशीच्या पुढचा, खरोखर उपाशी असलेला, बीपी नसलेला एक पुरुष पाहिजे होता. नळ्यांच्या खोक्यातला बर्फ वितळायला लागला होता. मी चिडचिड करत होते, तुझ्यावरच, तुझ्याच माणसांवर. पहाटेपासून तूही चहा घेतलेला नव्हतास. बाही वर करत तू खुर्चीवर येऊन बसलास आणि म्हणालास, "मंग मी हाय ना."

मी पट्टा बांधला. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. फॉर्ममधला प्रश्न जसाच्या तसा वाचला: बीपीची गोळी चालू आहे का? तू माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास, "बिलकुल न्हाई."

दादा, मला तुझा राग येतो. तू गेलास म्हणून येतो तसा नाही, खराखुरा. पोरांना तू शिकवायचास, जे दिसलं ते लिहा, जे पाहिजे ते लिहू नका. कांद्याच्या पापुद्र्यात मला केंद्रक दिसलं नव्हतं आणि मी पुस्तकातलं चित्र वहीत काढलं होतं, तर तू तो कागद फाडला होतास. मी नऊ वर्षांची होते. तोच तू खुर्चीवर बसून खोटं बोललास, का, तर बहिणीला एक माणूस कमी पडत होतं.

नळ्यांचा तो खोका तू जालन्यापर्यंत मांडीवर घेऊन आलास. राजूरहून भोकरदनला येऊन तिथल्या लॅबच्या मशीनवर रक्तातलं पाणी वेगळं करून घेतलं, तिथून जालन्याची बस. रसवंतीवाल्याकडून आणलेला बर्फ खोक्यातून ठिबकत होता, तुझी पँट भिजली होती, आणि कंडक्टरनं विचारलं यात काय हाय मास्तर, तर तू म्हणालास, "चाळीस माणसं हायेत. तिकीट मागू नको." वाटेत आपलं भांडण झालं. मी नमुने म्हणाले म्हणून. माणसाला नमुना म्हणती का, म्हणालास. मग तू विचारलंस की ह्या लोकांना त्यांचं त्यांचं काय निघालं ते कधी कळणार. मी समजावलं की ही तपासणी नाही, हे संशोधन आहे, ह्यातलं उत्तर एकेकट्याचं नसतं, सगळ्यांचं मिळून असतं.

"मंग सुई सगळ्यांना मिळून का न्हाई टोचली?" तू म्हणालास. "टोचली एकेकट्याच्याच हाताला ना?"

मी म्हणाले, तुला नाही कळायचं. जालना आलं, पुण्याची गाडी लागलेली होती, आणि ते भांडण तिथंच राहिलं. आता मी ते रोज करते. तुझी बाजूसुद्धा मीच मांडते आणि रोज हरते.

काही महिन्यांनी निकाल आले. संगणकावर ठिपके उमटले, एका माणसाचा एक ठिपका. एका बाजूला बीपीवाले, एका बाजूला निरोगी, आणि मधे छान मोकळी जागा. फक्त निरोग्यांमधला एक ठिपका त्यांना सोडून पलीकडच्या घोळक्यात जाऊन बसला होता. मी नंबर बघितला. चाळीस.

चाळीस कोण हे मला वहीत बघावं लागलं नाही.

आमच्याकडं एक सोय असते. रक्त हिंदकळलं, तांबड्या पेशी फुटल्या, तर पाणी गुलाबी होतं आणि त्या पेशींमधले आरएनए त्यात मिसळून सगळा हिशेब बिघडतो. अशी नळी बाद करायची, हा नियमच आहे. भोकरदनला मी वहीत तुझ्या नळीपुढं लिहिलं होतं: पाणी स्वच्छ, पिवळसर. त्या दिवशी मी त्याच ओळीत, दुसऱ्या पेनानं, लिहिलं: किंचित गुलाबी, बाद. बसमधे हादरे बसले असतील, असं मी लॅबच्या सरांना सांगितलं. सरांनी मान हलवली. आलेख इतका सुंदर दिसायला लागला की मी त्याची प्रिंट काढून टेबलापुढं चिकटवली.

एका नळीवरून कुणाला बीपी आहे असं सांगता येत नाही. हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन, ते विज्ञान अजून तिथवर आलेलंच नाही. पण मला तुला रोग सांगायचा नव्हताच. फोन उचलून एवढंच विचारायचं होतं: दादा, गोळी चालू आहे का तुझी? मी नाही विचारलं. विचारलं असतं तर ठिपका खरा ठरला असता, आणि माझी मोकळी जागा गेली असती. मला वाटतं मला आतून माहीत होतं. नाही, सरळ लिहिते: मला माहीत होतं.

आणि मग तूच फोन केलास. दुपारची वेळ, तुझ्या मधल्या सुट्टीची, मागं पोरांचा गलका. "तायडे, लोक विचारून राह्यले. काय निघालं मंग? आन् माझ्या रगतात काय निघालं?" सर माझ्यासमोर लेखाचा मसुदा घेऊन बसले होते. मी म्हणाले, "सगळं बराबर आहे दादा. ठेवते, नंतर बोलू." तू म्हणालास, "जिती राहा." पंधरा सेकंदांचा फोन असेल.

तुझ्यासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दिवशी, लोक जेवून गेल्यावर, वहिनीनं मला आत बोलावलं आणि खडूचा रिकामा खोका पुढं ठेवला. त्यात गोळ्यांची पाकिटं होती, आणि जालन्याच्या मस्तगडमधल्या औषधाच्या दुकानाच्या पावत्या. भोकरदनात घेतल्या असत्या तर माझ्यापर्यंत बातमी आली असती, म्हणून तू जालन्याला जाऊन आणायचास. पावत्या महिन्याच्या महिन्याला होत्या, अगदी शिस्तीत, आणि मग एका महिन्याला थांबल्या होत्या.

"मी म्हणलं होतं त्यांना," वहिनी म्हणाली, "ताईला खोटं सांगू नका. तर म्हणले, तिचं एक माणूस कमी पडून राह्यलं होतं, मंग काय करू? आन् तिच्या मशीनीला कळल्याबिगर राहील का? ती सांगंलच. मंग त्यांनी तुमाला फोन केला. सगळं बराबर हाय म्हणून आले की नाचत. म्हणले, पुण्याच्या मशीनीनं सांगितलं, गेलं बीपी. मी रोज गोळीचा लकडा लावायची ताई, त्या दिवसापासून मीबी लावला न्हाई. म्हणलं, तुमच्यापरीस मला काय जास्ती कळतंय."

पावत्या ज्या महिन्याला थांबल्या तो महिना त्या फोनचा होता. आणि तू गेलास तो बीपीनंच.

हो हो करत खोका बंद केला. दोन दिवस मी ह्या घरात तिच्या हातचं जेवले, तुझ्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, येणाऱ्या बायांकडून ऐकून घेतलं की बहीण एवढी शिकलेली, भावाला फार आधार होता. आणि दिवसभर तू कानाशी विचारत होतास. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीला सगळं सांगितलं. ठिपका, दुसरं पेन, फोन. ती ज्वारीचं पीठ चाळत होती. हात थांबला नाही तिचा. सगळं पीठ चाळून झालं, कोंडा तिनं बाजूला काढला, मग म्हणाली, "म्हंजे तुमाला ठावं होतं."

"हो."

"आन् तुमी म्हणल्या बराबर हाय."

"हो वहिनी."

मला वाटलं ती ओरडेल, निघ म्हणेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मी निघून गेले असते. तिनं चाळणी भिंतीला टेकवली. "तुमच्यावर मला राग हाय का काय हाय, ते अजून कळंना," ती म्हणाली. "ते मंग बघू. पर एक सांगा. ते तुमच्याशी फोन झाल्यावर एकट्यासाठी न्हाई नाचले. सायकल काढून घरोघर गेल्ते. ज्यानं ज्यानं त्या दिवशी रगत दिलं, त्या समद्यांना सांगून आल्ते, सगळं बराबर हाय म्हणून. त्यांचं काय?"

दादा, मला हे ठाऊकच नव्हतं. तू विचारलंस सगळ्यांचं, मी उत्तर दिलं एकच, आणि तू ते एकोणचाळीस घरांत वाटून आलास. एकेकट्याला.

त्याच दुपारी मी सायबर कॅफेत बसून सरांना सगळं कळवलं. लेख थांबवा म्हटलं. त्यांचं उत्तर आलं, ये, बोलू. जाईन. बोलणी खाईन, कदाचित ते काम हातातून जाईल. त्याची आज मला भीती वाटत नाही, आणि ह्यात काही मोठेपणा नाही, भीती वाटायला जागाच उरलेली नाही. माणसांची यादी तुझ्या अक्षरात होती, वहिनीनं ती फडताळातून काढून दिली. प्रत्येक नावापुढं तू घराची खूण लिहिली आहेस: पिठाच्या गिरणीमागं, लिंबाच्या झाडाजवळ, कुत्रं चावतं.

काल सकाळच्या बसनं आम्ही दोघी राजूरला गेलो. पहिलं नाव शिंपीकाकांचं, तुझ्या शर्टांचं काम करायचे ते. चतुर्थीला त्यांचा आकडा चढलेला होता, मी स्वतः लिहिला होता. मशीनीवरून उठून त्यांनी आम्हाला बसायला पाट दिला. वहिनीकडं बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्याबद्दल बोलत राहिले, मग म्हणाले, "मास्तर सोता आल्ते मला सांगायला. बहिणीशी फोन झाला, सगळं बराबर हाय. त्या दिवसापासून मी गोळी सोडली पाहा. खर्चबी वाचला. मास्तर खोटं बोलणारा माणूस न्हवता."

"दादा खोटं नाही बोलला, काका," मी म्हणाले. "मी बोलले. तुमचं रक्त बघून असं काही सांगता येतच नाही. तुम्ही गोळी सोडायला नको होती. आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

काकांना पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी तेच पुन्हा सांगितलं, हळू, तू वर्गात सांगायचास तसं. बाहेर देवळाकडं जाणाऱ्या जीपा हॉर्न वाजवत होत्या. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, नुसतं समजून घ्यायचं म्हणून.

"म्हंजे आमचं कुणाचं बघितलंच न्हवतं म्हणा."

"नाही, काका. तसं एकेकट्याचं नाही."

"आन् मास्तरचं?" ते म्हणाले. "सोताच्या भावाचं तरी बघितलं होतं का न्हाई?"

वहिनी पाटावर माझ्या शेजारी बसली होती.

"त्याचं बघितलं होतं," मी म्हणाले. "एकट्या त्याचंच."